आंब्यातला भुंगा, तांदळातला सोंडा आणि नावाची गोष्ट

आजची गोष्ट एका कोयीपासून सुरू होते.

जून महिन्यातली आमच्या गटाची मासिक बैठक होती. हापूस संपत आला की बाजारात नीलम येतो, तसे एका ताईने बैठकीला नीलम आंबे आणले होते. एक आंबा कापला. बाहेरून अगदी गोमटा, गरही चांगला. पण कोय फुटलेली निघाली आणि आतून काळपट रंगाचा एक भुंगा चालत बाहेर आला. सगळ्याजणी मागे सरकल्या. एक ताई म्हणाली, "अगं, ही तर तांदळातल्या सोंड्याची मोठी बहीण दिसतेय. तोंडाला तशीच सोंड आहे."

बोलणं तिथेच संपलं असतं, पण त्या ताईच्या घरी गटाने एकत्र घेतलेला 50 किलो तांदूळ ठेवला होता आणि आंब्याची पेटीही त्याच खोलीत होती. तिला वाटलं, भुंगा पेटीतून पोत्यात गेला तर सगळ्यांचा तांदूळ जाईल. घरी गेल्यावर तिने मुंग्या-झुरळांसाठी आणलेली पावडर काढली आणि पोत्याचं तोंड सोडलं. सासूबाईंनी हात धरला म्हणून बरं. ती पावडर विषारी असते. तांदळात मिसळली तर धुऊनही पूर्ण जाईल याची खात्री नाही. तो तांदूळ लेकरांच्या ताटात गेला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही भुंगा काचेच्या बाटलीत घालून कृषी सहायकांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "ताई, हा आंब्याच्या कोयीतला भुंगा. याला तांदूळ चालत नाही. तुमच्या पोत्याला याच्यापासून काही धोका नाही."

एका नावाने आमचा 50 किलो तांदूळ वाचला आणि विषही टळलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्न आहे की ही नावं येतात कुठून? हा भुंगा वेगळा, तो सोंडा वेगळा, हे कोणी आणि कसं ठरवलं? आणि ज्याला अजून नावच नाही असा किडा सापडला तर काय करतात? तेच आज समजून घेऊ.

सोंडवाल्यांचं मोठं खानदान

तांदळातला सोंडा, कोयीतला भुंगा, नारळाच्या झाडात शिरणारा सोंड्या भुंगा, रताळ्याला लागणारा सोंडकिडा, हे सगळे एकाच मोठ्या खानदानातले. त्यांचं डोकं पुढे लांब निघून सोंडेसारखं झालेलं असतं. ही सोंड हत्तीच्या सोंडेसारखी मऊ नसते. ती कडक असते आणि तिच्या टोकाला बारीक जबडे असतात. मिशा डोक्यावर नसून सोंडेवरच फुटतात आणि बहुतेकांच्या मिशा आपल्या हाताच्या कोपरासारख्या मध्येच वाकलेल्या असतात. पाठीवर दोन टणक कवचं असतात.

मादी सोंडेने दाण्याला, फळाला किंवा खोडाला भोक पाडते आणि तिथे अंडं घालते. तांदळातली मादी तर दाण्यात अंडं घालून भोक चिकट पदार्थाने बुजवून टाकते. म्हणून तांदूळ आणला तेव्हा स्वच्छ दिसतो आणि महिनाभराने डब्यात सोंडे फिरताना दिसतात. ते बाहेरून आलेले नसतात. अळी दाण्याच्या आतच वाढलेली असते.

या सोंडवाल्यांच्या जगभरात 60,000 हून जास्त जाती नोंदवल्या गेल्या आहेत. जात म्हणजे इथे माणसांमधली जात नव्हे बरं का! ज्यांची आपापसात पिल्लावळ होते आणि ती पुढे वाढत राहते, तो एक गट म्हणजे एक जात. शास्त्राच्या पुस्तकात तिला प्रजाती असंही म्हणतात. आपल्या देशातल्या सोंडकिड्यांवर गाय मार्शल नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1916 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, पण त्यात सगळे किडे आले नाहीत. आजही नवे सापडतात, विशेषतः डोंगरात.

डोंगरातच का सापडतात?

इंडोनेशिया आणि न्यू गिनीच्या डोंगरी जंगलांत पालापाचोळ्यात राहणारे काळे, चिमुकले सोंडकिडे आहेत. त्यांना ट्रायगोनोप्टेरस म्हणतात. आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढा. त्यांना उडता येत नाही. उडता येत नसेल तर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायचं कसं? मधे दरी, नदी, उघडं रान. त्यामुळे प्रत्येक डोंगरावरचे किडे आपापल्या जागीच पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि हळूहळू वेगळे होत गेले. डोंगर बदलला की किडा बदलला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या निसर्ग संग्रहालयातले अलेक्झांडर रीडेल यांनी सहकाऱ्यांबरोबर हे किडे गोळा केले. 2013 मध्ये त्यांनी न्यू गिनीतल्या 101 नव्या जाती एकदम जाहीर केल्या. 2019 मध्ये सुलावेसी बेटावरच्या 103 जाती आल्या. एवढी नावं आणायची कुठून? मग त्यांनी न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीतली आडनावं घेऊन काही जातींना दिली. याच किड्यांच्या पायाचा सांधा बोल्ट आणि नटसारखा आटे असलेला आहे, हे 2011 मध्ये उघड झालं. माणसाने नट-बोल्ट बनवण्याच्या कितीतरी आधी तो तिळाएवढ्या किड्याच्या पायात होता.

आपला सह्याद्रीही असाच आहे. एक घाट, एक पठार, एक देवराई यांचं हवामान वेगळं, माती वेगळी, झाडं वेगळी. म्हणून सह्याद्रीतूनही पाली, बेडूक, कोळी, खेकडे यांच्या नव्या जाती सापडत राहतात. पण डोंगर फोडला, देवराई तोडली, तर तिथेच राहणारा आणि उडू न शकणारा किडा जाईल कुठे? नाव मिळण्याआधीच तो संपेल आणि तो होता हे कोणाला कळणारही नाही.

नव्या किड्याची नोंद कशी होते?

किडा सापडला की लगेच नाव देता येत नाही. आपल्या गटाची बँकेत नोंद करताना कशी कागदपत्रं लागतात, ठराव लागतो, सह्या लागतात, तसंच हेही काम आहे. पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी चिठ्ठीची. किडा कुठे सापडला, कोणत्या तारखेला, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, कोणत्या झाडावर आणि कोणाला, हे सगळं बारीक अक्षरात लिहून त्या किड्याबरोबरच ठेवतात. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे नावगाव नसलेलं पार्सल. त्याचा उपयोग फार थोडा.

दुसरी पायरी तुलनेची. आधी नाव मिळालेले किडे संग्रहालयांत पेट्यांमध्ये जपून ठेवलेले असतात. आपला किडा त्यांच्याशी ताडून बघायचा. जुने लेख वाचायचे. याला कधी कधी वर्षं लागतात, कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी दूरदेशी त्याच किड्याला नाव देऊन ठेवलेलं असू शकतं. दोघांनी एकाच किड्याला दोन नावं दिली तर नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं.

तिसरी पायरी भिंगाखाली बघण्याची. सोंड किती लांब, मिशांना किती गाठी, पाठीवर खाचा किती, खवले कुठे. बाहेरून दोन किडे अगदी सारखे दिसले तर नराच्या पोटातला जननाचा अवयव काढून बघतात, कारण तो प्रत्येक जातीत वेगळ्या घडणीचा असतो. आता डीएनए तपासूनही फरक कळतो.

हे किती गरजेचं आहे त्याचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तांदळातल्या सोंड्याला स्वीडनच्या लिनियसने 1763 मध्ये नाव दिलं. मक्यातला सोंडा त्याच्यासारखाच दिसतो, त्याला 1855 मध्ये वेगळं नाव मिळालं. तरी पुढे बराच काळ लोक या दोघांना एकाच किड्याचे लहान-मोठे प्रकार समजत राहिले. पोटातला अवयव नीट तपासल्यावरच दोन जाती आहेत हे पक्कं झालं.

चौथी पायरी नमुन्याची. नव्या जातीचा एक किडा मुख्य नमुना म्हणून निवडतात आणि तो कायमचा संग्रहालयात ठेवतात. वजनमापं तपासायला जसं सरकारी प्रमाणित वजन असतं, तसा हा नमुना. पुढे कोणाला शंका आली तर त्या एका किड्याशी ताडून बघायचं. आपल्या देशात जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही 1916 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिचं मुख्यालय कोलकात्याला आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा संग्रहही जुना आणि मोठा आहे.

पाचवी पायरी छापण्याची. वर्णन, मोजमापं, चित्रं, सापडल्याचं ठिकाण आणि जवळच्या जातींपेक्षा हा वेगळा कसा, हे लिहून शास्त्रीय मासिकाकडे पाठवतात. दुसरे जाणकार ते तपासतात, प्रश्न विचारतात. छापून आलं की नाव जगभर लागू होतं.

नाव कोणाचं द्यायचं?

नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. दुसरा शब्द गावावरून, झाडावरून, रंगावरून किंवा माणसावरून देता येतो. शास्त्रज्ञ स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, तशी रीत नाही.

2021 मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला 'आयशियस तुकारामी' नाव मिळालं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबची बंदूक धरून ठेवणारे आणि शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. साताऱ्याच्या केडंबे गावचा माणूस आता जगाच्या शास्त्रात कायमचा नोंदला गेला.

पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' लागतो, तसा बाईच्या नावाला 'ए' लागतो. नियमात दोघांना जागा आहे. पण नावांच्या याद्या बघितल्या तर बायकांची नावं कमीच दिसतात. आता एका बाईचीच गोष्ट सांगते. तिने एका किड्याला नाव दिलं.

जलपर्णी आणि रोझ एला वॉर्नर

कल्याणकडे उल्हास नदीवर गेलात तर पाण्याऐवजी हिरवं कुरण दिसतं. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर जांभळ्या फुलांसाठी लोकांनी ती जगभर नेली आणि ती नद्या-तळ्यांवर पसरली. तिच्याखाली पाण्याला हवा मिळत नाही, मासे मरतात, जाळं टाकता येत नाही, डास वाढतात. कोळी भगिनींना हे वेगळं सांगायला नको.

तिच्या मूळ देशात तिला खाणारे सोंडकिडे आहेत. एका किड्याला 1926 मध्येच नाव मिळालं होतं. त्याच्यासारखाच दिसणारा दुसराही होता. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या रोझ एला वॉर्नर या शास्त्रज्ञ बाईने दोघांचा अभ्यास केला आणि 1970 मध्ये दुसऱ्याला नवी जात म्हणून जाहीर केलं. त्याचं नाव निओकेटिना आयकॉर्निए. पाठीवरच्या दोन बारीक काळ्या उंचवट्यांची लांबी आणि जागा बघून हे दोन किडे ओळखता येतात. जेमतेम पाच मिलिमीटरच्या किड्याच्या पाठीवरचा एवढासा फरक!

दोन वर्षांनी, 1972 मध्ये, तो किडा अमेरिकेतल्या फ्लोरिडात जलपर्णीवर सोडला गेला. 1982 च्या सुमारास दोन्ही किडे आपल्याकडे बंगळुरूला आणले. आधी आपली पिकं ते खातात का हे तपासलं आणि मगच सोडले. त्यांची अळी जलपर्णीच्या देठात शिरून तिला आतून पोखरते. हे काम सावकाश होतं. गटाराचं पाणी नदीत येत राहिलं तर जलपर्णी वाढतच राहते, तेव्हा सगळं किड्यावर सोपवून चालत नाही. पण फवाऱ्याशिवाय चालणारा हा एक मार्ग आहे.

नाव चुकलं तर काय होतं, त्याचीही गोष्ट याच कामातली. साल्विनिया नावाचं तरंगतं शेवाळासारखं तण आहे. त्यावर आफ्रिकेत एक सोंडकिडा सोडला, पण तण काही हटेना. मग 1980 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी ब्राझीलमधून, जिथे हे तण मूळचं होतं तिथून, किडे आणले. ते आधीच्यासारखेच दिसत होते आणि लोकांना वाटलं तेच आहेत. पण यांनी मूनडारा नावाच्या तलावातलं तण वर्षभरात फस्त केलं. नीट तपासल्यावर कळलं की ही वेगळीच, नाव नसलेली जात आहे. 1985 मध्ये तिला सिर्टोबेगस साल्विनिए हे नाव मिळालं. दिसायला जुळी भावंडं, पण एक कामाचा आणि दुसरा नाही. हाच किडा पुढे केरळात कामी आला. 2019 पासून आपल्या सीमेजवळच्या बैतूल जिल्ह्यात, सारणीच्या सातपुडा धरणातही जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तो वापरला.

कोयीतला भुंगा आणि आपली वाशी

आता परत कोयीकडे. या भुंग्याला 1775 मध्ये नाव मिळालं. मादी कोवळ्या कैरीच्या सालीवर अंडं घालते. अळी गरातून कोयीत जाते. तेव्हा फळ लहान असतं, म्हणून वाट भरून येते आणि पिकलेल्या आंब्यावर खूण राहत नाही. वर्षाला एकच पिढी होते. उरलेले महिने भुंगा आंब्याच्या सालीच्या भेगांत लपून राहतो. त्याला तांदूळ नको, गहू नको, आंबाच हवा.

याच्यामुळेच अनेक वर्षं अमेरिकेने आपला आंबा घेतला नाही. त्यांच्या बागांत हा किडा जाईल ही भीती. 2007 मध्ये दार उघडलं, पण अट अशी की आंब्यावर ठरलेल्या मात्रेची किरणं सोडायची, म्हणजे आत किडा असलाच तरी त्याची पुढची पिढी होणार नाही. ते काम करणारं राज्य कृषी पणन मंडळाचं एक केंद्र आपल्या वाशीलाच आहे. एका सोंडकिड्याच्या ओळखीवर कोकणच्या बागायतदाराचा भाव आणि वाशीतल्या हमालाची मजुरी अवलंबून आहे.

आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे ओळख पटल्याशिवाय औषध नको. किडा बाटलीत घाला, कुठे आणि कधी सापडला याची चिठ्ठी लावा आणि कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. खाण्याच्या धान्यात घरातली कीटकनाशक पावडर कधीही घालू नका.

तांदळात सोंडे झाले असतील तर चाळून, निवडून, सावलीत पसरून ठेवा. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि शिजताना तुटतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. डबा रिकामा झाला की धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच नवं धान्य भरा. जुन्यावर नवं ओतू नका, जुन्यातले किडे नव्यात जातात. आंब्याच्या बागेत किंवा परसात पडकी फळं आणि कोयी साठू देऊ नका, गोळा करून नष्ट करा. त्यातूनच पुढच्या वर्षीचा भुंगा निघतो.

आणि शेवटचं. जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात किंवा शहरात स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. 2004 च्या नियमांत या समितीवर किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं म्हटलं होतं. आपल्या ग्रामसभेत विचारा, ती नोंदवही कुठे आहे? त्यात काय लिहिलंय? कोणत्या भाजीवर कोणता किडा येतो, तो पावसाच्या आधी येतो की नंतर, डोंगरावरच्या देवराईत काय दिसतं, हे शेतात आणि रानात जाणाऱ्या बायकांना माहीत असतं. पण ते कागदावर नसतं, म्हणून ते कोणाचंच नसतं.

आमच्या त्या ताईने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "नीलम आंबा, कोयीत काळा भुंगा, जून महिना. तांदळाला धोका नाही." शास्त्रज्ञांच्या चिठ्ठीपेक्षा ती फार वेगळी नाही. पुढच्या बैठकीत सगळ्याजणी आपापलं एकेक पान भरून आणणार आहोत. तुमच्या गटातही अशी वही सुरू करा.